जॉर्ज फोरमन: मूररला पाडणारा तो उजवा ठोसा नशिबाचा होता का?

दोरीपलीकडे

५ नोव्हेंबर १९९४, लास वेगास, एमजीएम ग्रँड. दहाव्या फेरीची २ मिनिटं ३ सेकंद झाली होती. मायकल मूरर पाठीवर आडवा आणि जॉर्ज फोरमन ४५ व्या वर्षी पुन्हा हेवीवेटचा जगज्जेता. त्या लढतीचा विषय निघाला की 'म्हाताऱ्याचा एक ठोसा लागला, नशीब' हे वाक्य कुणीतरी टाकतंच. हे मला अजिबात पटत नाही. तो ठोसा पोचवण्यासाठी लागणारी प्रत्येक गोष्ट फोरमनने दहा वर्षांच्या निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या कारकिर्दीत नव्याने घडवली होती, आणि त्यातल्या एकूण एक गोष्टीची उणीव त्याला पहिल्या कारकिर्दीत नडली होती. म्हणून दोन्ही कारकिर्दी शेजारी ठेवून बघायला हा धागा काढतोय.

ज्यांना पूर्वपीठिका माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १० जानेवारी १९४९, टेक्ससमधलं मार्शल. लहानपण ह्यूस्टनच्या फिफ्थ वॉर्डात, गरिबीत आणि मारामाऱ्यांत गेलं. शाळा अर्धवट सोडली. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या काळात सुरू झालेल्या जॉब कोअर या सरकारी प्रशिक्षण योजनेत तो दाखल झाला. तिथे कॅलिफोर्नियातल्या प्लेझंटनच्या केंद्रात डॉक ब्रॉडस यांनी त्याला ग्लोव्ह्ज घालायला लावले. हौशी लढती जेमतेम पंचवीसेक झाल्या असतील, तेवढ्यात १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक! अंतिम फेरीत सोव्हिएत संघाचा योनास चेपुलिस दुसऱ्याच फेरीत थांबवला गेला.

हा पाया ध्यानात ठेवा. अंगात ताकद अफाट आणि रिंगमधले तास फारच कमी. १९६९ मध्ये तो व्यावसायिक झाला, डिक सॅडलर त्याचे मॅनेजर-प्रशिक्षक. सुरुवातीला सराव सनी लिस्टनबरोबर. लिस्टनचा तो जड, खांबासारखा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आणि समोरच्याकडे रोखून बघायची सवय, दोन्ही त्याने उचललं.

२२ जानेवारी १९७३ ला किंग्स्टनमध्ये जगज्जेत्या जो फ्रेझरला त्याने दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं, पहिल्या फेरीत तीनदा आणि दुसऱ्या फेरीत तीनदा. तीनदा पडलं की लढत संपली, हा नियम त्या रात्री लागू नव्हता. फ्रेझर तोवर अजिंक्य होता, २९ पैकी २९. पारडंही त्याचंच जड मानलं जात होतं.

तिसरी_घंटा

उत्तम धागा. किंग्स्टनच्या लढतीत लोक ठोसेच बघतात. त्याआधी फोरमनचे पंजे काय करतायत ते बघा.

फ्रेझरची पद्धत अशी: कमरेतून डोलत, डोकं खाली ठेवून आत शिरायचं, छातीला छाती लागेपर्यंत जायचं आणि मग डावा हुक, म्हणजे बाजूने वळून येणारा ठोसा. हे जमायला त्याला शेवटचं पाऊल पुरं टाकता आलं पाहिजे. फोरमन ते पाऊलच पुरं होऊ देत नव्हता. दोन्ही ग्लोव्ह्ज उघडे ठेवून तो फ्रेझरच्या खांद्यांवर, दंडांवर टेकवायचा आणि सरळ मागे लोटायचा. लोटल्यावर एकदम तीन गोष्टी होतात. फ्रेझरचं वजन टाचांवर जातं, त्याचं डोलणं थांबून पाठ ताठ होते, आणि दोघांमधलं अंतर फोरमनच्या हाताएवढं उरतं. फ्रेझर पुन्हा वाकून आत येतो तेव्हा उजवा अपरकट खालून वर निघालेलाच असतो. पहिल्यांदा पाडलं ते उजव्या अपरकटने. शेवटचा उजवा तर असा बसला की फ्रेझरचे पाय जमिनीवरून उचलले गेले.

नियमाने ढकलणं हा फाउल आहे, हे शिकणाऱ्यांनी विसरू नये. किती चालवून घ्यायचं हे रेफरीवर असतं. पण तोच परिणाम नियमात राहूनही मिळवता येतो: बंद मुठीने, हात न ताणता, समोरच्याच्या पुढच्या खांद्यावर कडक जॅब मारायचा. चेहऱ्यापेक्षा खांदा कमी हलतो, त्यामुळे चुकत नाही, आणि त्याचं पुढे येणं तिथेच मोडतं.

आणखी एक. १९७० मध्ये ग्रेगोरिओ पेराल्टा या अर्जेंटिनाच्या अनुभवी बॉक्सरने फोरमनला पूर्ण दहा फेऱ्या नाचवलं होतं. निकाल फोरमनच्या बाजूने लागला, पण कमजोरी तिथेच दिसली होती. बाजूला सरकणारा, चुकवणारा, न घाबरणारा माणूस समोर आला की फोरमनचे ठोसे हवेत जातात, आणि हवेत गेलेला ठोसा लागलेल्या ठोशापेक्षा जास्त दमवतो. कारण लागलेला ठोसा समोरच्याच्या अंगावर थांबतो. हुकलेला थांबवायला स्वतःचाच खांदा आणि पाठ राबते.

शंखनाद

किंग्स्टनबद्दल दुमत नाही. पण मूररच्या लढतीबद्दल आहे.

आधी गुणपत्रकं बघा (फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९). नऊ फेऱ्यांनंतर दोन जजांकडे मूरर ८८-८३ ने पुढे, तिसऱ्याकडे ८६-८५ ने. म्हणजे दोघांनी फोरमनला नऊपैकी दोनच फेऱ्या दिल्या होत्या. उरलेल्या तिन्ही फेऱ्या १०-९ ने जिंकल्या असत्या तरी त्या दोन पत्रकांवर ११५-११३ ने हारच होती. पाडल्याशिवाय जिंकायची वाटच उरली नव्हती. ठरवून डाव मांडणारा माणूस स्वतःला असा कोपऱ्यात नेईल का?

माझ्या मते ती लढत मूररने गमावली. ३५ लढतींत एकही हार नाही, सहा-सात महिन्यांपूर्वी होलीफिल्डला हरवून झालेला जगज्जेता, हेवीवेटचा पहिला डावखुरा विजेता, फोरमनपेक्षा जवळजवळ एकोणीस वर्षांनी लहान. त्याने फक्त पाय हलवले असते तरी काम झालं असतं. त्याचा प्रशिक्षक टेडी अ‍ॅटलस कोपऱ्यातून तेच कानीकपाळी ओरडत होता.

दोरीपलीकडे

शंखनाद, गणित अगदी बरोबर मांडलंत. पण त्यातून माझा निष्कर्ष उलटा निघतो. फोरमनला गुणांवर जिंकायचंच नव्हतं, कारण त्या वयात बारा फेऱ्या गतीने खेळून मूररला हरवणं शक्यच नव्हतं. त्याला दहाव्या-अकराव्या फेरीपर्यंत हातात जोर शिल्लक ठेवायचा होता. नेमकी हीच गोष्ट त्याला १९७४ मध्ये जमली नव्हती. मुहम्मद अलीविरुद्धच्या किन्शासातल्या लढतीबद्दल सविस्तर लिहितो, मग मूररकडे येऊ.

३० ऑक्टोबर १९७४, झैरेची राजधानी. लढत आधी २५ सप्टेंबरला होती. सरावात फोरमनच्या उजव्या भुवईवर जखम झाली आणि ती महिनाभर पुढे गेली. झैरेचा सत्ताधीश मोबुतू याच्या सरकारने दोघांना प्रत्येकी ५० लाख डॉलर देऊ केले होते, जुळवाजुळव प्रवर्तक डॉन किंगची. अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या सोयीसाठी घंटा वाजली स्थानिक पहाटे चारच्या सुमाराला. उष्ण, दमट हवा. फोरमन २२० पौंड, अली २१६½. फोरमनच्या ४० लढती, ४० विजय, त्यातले ३७ नॉकआउट.

यातला महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे. त्याआधीच्या सलग आठ लढती त्याने दोन फेऱ्यांच्या आत संपवल्या होत्या. टोकियोत होसे रोमान पहिल्याच फेरीत, काराकासमध्ये केन नॉर्टन दुसऱ्या. पंधरा फेऱ्यांच्या लढतीला उभा राहणारा माणूस कित्येक महिन्यांत तिसरी फेरीच खेळलेला नाही! अशा बॉक्सरला चौथ्या-पाचव्या फेरीत श्वास कसा वाटून घ्यायचा हे शरीराने शिकवलेलंच नसतं. सराव कितीही करा, सरावात भीती नसते, आणि दम खातो तो ताण.

अलीने पहिल्या फेरीत थेट उजव्या हातानेच ठोसे सुरू केले. उजवा हात मागे असतो, त्याला लांबचा पल्ला कापावा लागतो, त्यामुळे जॅब न टाकता सरळ उजवा मारणं धोक्याचं. जगज्जेत्यासमोर कुणी असं करत नाही. फोरमन त्याने डिवचला गेला. दुसऱ्या फेरीपासून अली दोराला टेकला.

दोराला टेकून उभं राहणं म्हणजे मार खाणं नव्हे, हे नीट बघायला हवं. अलीचे दोन्ही हात गालांना चिकटलेले, कोपरं बरगड्यांवर. कमरेवरचं अंग दोरावरून मागे झुकलेलं. त्यामुळे डोक्याकडे येणारा ठोसा हात पूर्ण ताणला गेल्यावर पोचतो, म्हणजे जोर संपल्यावर. पोटाकडे येणारा कोपरावर आणि दंडावर बसतो. त्याचा धक्का अलीच्या अंगात न मुरता दोर ताणला जाऊन निघून जातो. मध्येच अली मान धरून फोरमनचं डोकं खाली दाबायचा. २२० पौंडांच्या माणसाला मान वर उचलून धरायला लावलं की पाठीचे स्नायू आधी संपतात. आणि प्रत्येक फेरीच्या अखेरीस, फोरमन थांबला की सरळ तीन-चार ठोसे चेहऱ्यावर. जजांच्या मनावर शेवटचं चित्र तेच राहतं. लढत संपली तेव्हा तिन्ही पत्रकांवर अलीच पुढे होता.

आठव्या फेरीच्या शेवटच्या काही सेकंदांत अली दोरावरून बाजूला निसटला, फोरमन झोकांडी जाऊन वळला, आणि डाव्या हुकने वर उचललेल्या तोंडावर उजवा बसला. २ मिनिटं ५८ सेकंदांना फोरमन बाद.

कोपरखळी

दोर मुद्दाम सैल केले होते म्हणतात, त्यात कितपत तथ्य आहे?

तिसरी_घंटा

दोर सैल होते हे खरं, चित्रणात दिसतंच. अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडीने आपण ते सैल केल्याचं कायम नाकारलं. उकाड्यात आणि दमटपणात दोर ताण सोडतात, त्यावर दोनशे पौंडांचा माणूस सारखा टेकत राहिला की आणखी सुटतात. म्हणूनच लढतीच्या दिवशी टर्नबकल (दोर ताणायचे स्क्रू) पुन्हा आवळून बघायचे असतात आणि दोरांना जोडणाऱ्या उभ्या पट्ट्या तपासायच्या असतात. ते दोन्ही कोपऱ्यांचं काम आहे. फोरमनच्या कोपऱ्यात सॅडलर आणि आर्ची मूर यांच्यासारखे जुनेजाणते बसले होते. दोर लोंबतायत हे दुसऱ्या फेरीला दिसत असेल तर आपल्या बॉक्सरला सांगायचं की दोरावर मारू नकोस, दोन पावलं मागे ये, त्याला मध्यावर येऊ दे. तो आला नाही तर तिथेच उभा राहून श्वास घे. हे फोरमनने केलं नाही. खरी चूक ती.

लढतीनंतर फोरमन बराच काळ कारणं देत राहिला, दोर, मोजणी, प्यायला दिलेलं पाणी. पुढे ते त्याने सगळं सोडून दिलं आणि अलीशी त्याची घट्ट मैत्री झाली.

लालतुमान

१९७५ ते ७७ हा काळ कुणी घेतला नाही, म्हणून लिहितो. फोरमन शिकला की नाही याची खरी परीक्षा तिथे झाली, आणि त्यात तो नापास झाला.

२६ एप्रिल १९७५ ला टोरंटोत त्याने एका रात्रीत पाच जणांशी प्रत्येकी तीन फेऱ्यांच्या प्रदर्शनी लढती केल्या. तिघे आधीच थांबले, शेवटचे दोघे तीनही फेऱ्या उभे राहिले. अली रिंगशेजारी बसून त्याला डिवचत होता. आपल्याला दम आहे हे दाखवायचा तो प्रयत्न होता. पण पाच ताज्या माणसांशी तीन-तीन फेऱ्या आणि एका हुशार माणसाशी बारा फेऱ्या, या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. पहिलीत वेग मी ठरवतो, दुसरीत समोरचा.

२४ जानेवारी १९७६ ला लास वेगासमध्ये रॉन लाइल. चौथ्या फेरीत फोरमन दोनदा पडला, लाइल एकदा. पाचव्यात लाइल संपला. आता फोरमनच्या कोपऱ्यात प्रशिक्षक म्हणून गिल क्लॅन्सी होता. जिंकला खरा, पण बचाव नावाची गोष्ट त्या लढतीत दोघांकडेही नव्हती.

मग १७ मार्च १९७७, सान हुआन, जिमी यंग. ही लढत जरूर बघा. यंगकडे मोठा ठोसा नव्हता. त्याच्याकडे अंतर होतं. फोरमनच्या जॅबच्या टोकाबाहेर अर्धं पाऊल उभं राहायचं, जॅब येताच डोकं बाहेर काढून छोटा उलट ठोसा मारायचा आणि लगेच मिठी. सातव्या फेरीत फोरमनने त्याला जबर हलवलं. तिथे लढत संपायला हवी होती. पण किन्शासाच्या भीतीने या वेळी तो दम राखत होता आणि नेमक्या त्या क्षणी त्याने जोर लावला नाही. यंग सावरला. बाराव्या फेरीत फोरमन स्वतः पडला, निकाल एकमताने यंगच्या बाजूने.

म्हणजे १९७४ मध्ये दम उधळला आणि १९७७ मध्ये चुकीच्या वेळी राखला. दम राखणं म्हणजे सगळीकडे सारखं कमी मारणं नव्हे. दहापैकी नऊ मिनिटं कमी आणि एक मिनिट पूर्ण, हे त्याला तेव्हा उमगलं नव्हतं.

त्या रात्री ड्रेसिंग रूममध्ये त्याला देवाचा साक्षात्कार झाला असं तो सांगे. त्याने बॉक्सिंग सोडलं, ह्यूस्टनमध्ये चर्चचा धर्मोपदेशक झाला, १९८४ मध्ये मुलांसाठी युवा केंद्र काढलं. दहा वर्षं रिंगपासून पूर्ण लांब.

शंखनाद

आणि परतल्यावर सुरुवातीचे प्रतिस्पर्धी कोण होते हेही लिहा. नाहीतर चित्र एकांगी होतं.

लालतुमान

लिहितो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. ९ मार्च १९८७, सॅक्रामेंटो, स्टीव्ह झौस्की, चौथ्या फेरीत थांबवला. फोरमनचं वजन २६७ पौंड. युवा केंद्राला पैसा हवा होता म्हणून परतलो असं त्याने उघडपणे सांगितलं. पुढचे बरेच प्रतिस्पर्धी दुय्यम होते, त्यावर टीका झाली आणि ती रास्त होती. पण दहा वर्षांच्या खंडानंतर अंतर, वेळ आणि श्वास परत येतो तो लढतींतूनच. वरचेवर लढायचं, प्रत्येक वेळी थोडा बरा प्रतिस्पर्धी घ्यायचा. चार वर्षांत सलग २४ विजय असे जमले. १९८८ मध्ये ड्वाइट मुहम्मद कावी, १९८९ मध्ये बर्ट कूपर, जानेवारी १९९० मध्ये गेरी कूनी दोन फेऱ्यांत. गंमत म्हणजे कूनीच्या कोपऱ्यात तोच गिल क्लॅन्सी होता.

एप्रिल १९९१ ला अटलांटिक सिटीत इव्हँडर होलीफिल्ड. फोरमन २५७ पौंड, होलीफिल्ड २०८. एकमताने हरला, पण पूर्ण बारा फेऱ्या उभा होता. दोन फेऱ्यांच्या मध्ये स्टुलावर बसलाच नाही. ते निव्वळ नाटक नव्हतं. जड माणूस बसला की मांड्या आखडतात आणि उठताना पुन्हा जोर लावावा लागतो. उभं राहून दोराला हलकं टेकायचं, नाकाने लांब श्वास घ्यायचा, हात खाली सोडायचे. प्रत्येकाला हे मानवेल असं नाही. पोटऱ्या कमकुवत असतील तर बसलेलंच बरं.

तिसरी_घंटा

दुसऱ्या कारकिर्दीतला खरा बदल बचावाचा. हात आडवे ठेवायचा तो गार्ड, म्हणजे बचावाची ठेवण, आर्ची मूरचा. मूर ४५ च्या पुढेही लाइट हेवीवेटचा विजेता होता, म्हणजे वय झालेल्या बॉक्सरने अंग कसं वाचवायचं हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

शिकायचा असेल तर असं करा. डावा हात पोटावरून आडवा, कोपर पुढे, ग्लोव्ह उजव्या बरगडीच्या बाजूला. उजवा हात त्याच्या वर, हनुवटीसमोरून आडवा, ग्लोव्ह डाव्या खांद्याजवळ. हनुवटी उजव्या हाताच्या मागे, नजर ग्लोव्हच्या वरून. गुडघे थोडे वाकलेले, वजन दोन्ही पायांवर जवळजवळ सारखं. ठोसा आला की हात ढकलायचे नाहीत, कंबर दहा-पंधरा अंश वळवायची. ठोसा हाताच्या उतारावरून घसरतो.

यात काय बिघडतं? पहिलं, हात छातीला चिकटवले तर धक्का थेट बरगडीला लागतो. हात आणि छाती यांत मूठभर अंतर हवं. दुसरं, नवशिक्या डोळे मिटून मान खाली घालतो, मग खालून येणारा अपरकट दिसतच नाही. तिसरं, कानावरून फिरणाऱ्या हुकला हा गार्ड उघडाच असतो. तो खांदा उचलून आणि आत एक पाऊल टाकून अडवावा लागतो. चौथं, या गार्डमधून जॅबला वेळ लागतो. म्हणून फोरमन गार्डमध्ये राहून मारत नसे. ठोसे अडवले की हात मोकळे करायचा, दोन-तीन जॅब टाकायचा आणि पुन्हा बंद. चपळ, हलक्या माणसाने हा गार्ड घेऊ नये. त्याची गती वाया जाते. भारदस्त, हळू पायांच्या आणि जबरदस्त जॅब असलेल्या माणसाचाच तो.

दुसरा बदल डोक्यात. तरुण फोरमन रागाने मारायचा, ठोसे बाहेरून फिरून यायचे, पुढचे दोन आधीच ठरलेले असायचे. नंतरचा फोरमन एक ठोसा टाकायचा, तो काय करतो बघायचा, मग दुसरा.

दोरीपलीकडे

आता मूररची दहावी फेरी. शंखनाद, ही फेरी आवाज बंद करून बघा.

मूरर डावखुरा. डावा पाय पुढे ठेवणाऱ्या उजव्या बॉक्सरसमोर डावखुऱ्याने आपल्या उजवीकडे सरकत राहायचं असतं आणि पुढचा पाय समोरच्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर ठेवायचा असतो. तेव्हा समोरच्याचा उजवा हात लांब पडतो. फोरमनने नऊ फेऱ्या त्याच्या उजवीकडच्या वाटेवर डावा हात ठेवला होता. कधी जड जॅब, कधी बाहेरून येणारा डावा हुक. यातले बरेच ठोसे गुणांच्या दृष्टीने निरुपयोगी दिसतात, मूररच्या हातांवर बसतात. पण त्यांचा परिणाम असा की मूरर उजवीकडे जाणं सोडतो आणि समोर थांबतो. शिवाय त्याला तिथे सोपं वाटतंय, कारण तो जिंकतोय. प्रशिक्षक ओरडतोय आणि बॉक्सर गुणांवर पुढे आहे, तेव्हा बॉक्सर ऐकत नाही.

दहाव्या फेरीत फोरमनने जॅब वाढवला. डावा-उजवा अशी एक जोडी बसली, त्यातला उजवा जरा वर. मूरर हलला पण जागचा सरकला नाही. मग पुन्हा तीच जोडी. या वेळी उजवा आखूड, कोपर शरीराजवळ, मूठ सरळ दोन ग्लोव्ह्जच्या मधून हनुवटीवर. वीस वर्षांपूर्वी तोच उजवा बाहेरून वळसा घालून आला असता आणि अलीच्या दंडावर बसला असता. रेफरी जो कॉर्टेझने दहा मोजले तरी मूरर उठला नाही. फोरमन कोपऱ्यात गुडघे टेकून प्रार्थना करत होता. अंगात किन्शासाचीच लाल तुमान आणि कोपऱ्यात, तेव्हा अलीच्या बाजूला असलेला, अँजेलो डंडी.

मूररकडून चूक झालीच. पण ती चूक व्हावी अशी जागा फोरमनने तयार केली होती, आणि ती सापडेपर्यंत त्याच्या हातात जोर उरला होता. ही लढत मुळात व्हावी म्हणूनही त्याला झगडावं लागलं. डब्ल्यूबीए या जागतिक बॉक्सिंग संघटनेने वयावरून मान्यता नाकारली तेव्हा तो नेवाडात कोर्टात गेला आणि जिंकला.

शंखनाद

उजवा वर बसला आणि तरीही मूरर सरकला नाही, हा मुद्दा मान्य. ती फेरी पुन्हा पाहिली. दुसऱ्या जोडीआधी फोरमन पुढचा पाय किंचित बाहेर टाकतो, ते आधी लक्षात आलं नव्हतं. नशीब हा शब्द मागे घेतो. मूररच्या हट्टाबद्दलचं मत मात्र कायम आहे.

पुढचं लिहितो, कारण ते फारसं गौरवास्पद नाही आणि गाळू नये. आव्हानवीर टोनी टकरशी लढला नाही म्हणून डब्ल्यूबीएने जगज्जेतेपदाचा पट्टा काढून घेतला. एप्रिल १९९५ मध्ये अ‍ॅक्सेल शुल्झविरुद्ध बहुमताने जिंकला. दोन जज ११५-११३, तिसऱ्याकडे ११४-११४. अनेकांना शुल्झ जिंकला असं वाटलं, मलाही. आयबीएफ या दुसऱ्या संघटनेने जर्मनीत पुन्हा लढायला सांगितलं, फोरमनने पट्टाच सोडून दिला. २२ नोव्हेंबर १९९७ ला शॅनन ब्रिग्जविरुद्ध तो बहुमताने हरला आणि तिथेच थांबला. ती लढत मात्र मी फोरमनला दिली असती. एकूण ७६ विजय, ५ पराभव, ६८ नॉकआउट.

कोपरखळी

वयाचा विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे ना? आणि त्याच्या नावाने विकलं जाणारं ते ग्रिल?

लालतुमान

सर्व वजनगटांतला बर्नार्ड हॉपकिन्सने २०११ मध्ये मोडला, ४६ व्या वर्षी, लाइट हेवीवेटमध्ये. हेवीवेटमधला फोरमनचाच.

ग्रिलमध्ये वरखाली दोन तापणाऱ्या पट्ट्या आणि पुढे उतार, त्यामुळे चरबी वितळून ट्रेमध्ये जाते. १९९९ मध्ये सॉल्टन कंपनीने त्याच्या नावाच्या हक्कासाठी १३ कोटी ७५ लाख डॉलर मोजले. रिंगमध्ये मिळवलं त्यापेक्षा हे जास्त. २१ मार्च २०२५ ला तो वारला, ७६ व्या वर्षी.

नवा_ग्लोव्ह

सगळं वाचलं, खूप शिकायला मिळालं. एक शंका. फोरमनचे पाय हळू होते, मग तो चपळ माणसांना कोपऱ्यात कसा गाठायचा? मी पाठलाग करतो आणि समोरचा सुटतो.

तिसरी_घंटा

पाठलाग करता म्हणूनच सुटतो. तो गोलात फिरतो, तुम्ही त्याच्या मागे त्याच गोलात फिरता, आणि निसटायला वेळ त्याच्याकडेच जास्त उरतो. फोरमन मागे जात नसे, वाट अडवत असे.

समोरचा तुमच्या डावीकडे निघाला की पुढे जाऊ नका. डावा पाय आधी डावीकडे टाका, उजवा तेवढाच मागून आणा. पाय एकमेकांवरून ओलांडायचे नाहीत. त्याची छाती सतत तुमच्या दोन पायांच्या मध्ये दिसली पाहिजे. त्याच वेळी डावा हुक किंवा जॅब त्या बाजूला सोडा, लागला नाही तरी चालेल. तो थबकेल आणि उलटा वळेल. तो वळतो त्या क्षणी अर्धं पाऊल पुढे, जास्त नको. मग उजवीकडे तेच, या वेळी उजवा हात त्या बाजूला. प्रत्येक वळणाला त्याची जागा अर्ध्या पावलाने कमी होते.

दोराजवळ गेला की एकदम झेप घेऊ नका, अलीने फोरमनला तिथेच फसवलं. हाताच्या अंतरावर थांबा, दोन जॅब टाका, तो कुठल्या बाजूने निसटायचा प्रयत्न करतो ते बघा आणि मग त्या बाजूचा हात वापरा. सरावासाठी जमिनीवर खडूने चौकोन आखा, जोडीदाराला ठोसे न मारता फक्त सुटायला सांगा, तुम्ही हात पाठीमागे बांधून फक्त पायांनी त्याला कोपऱ्यात न्या. तीन मिनिटांत कोपरा मिळत नसेल तर तुमचं पाऊल फार मोठं पडतंय.

नवा_ग्लोव्ह

हात मागे ठेवून करून बघतो. डावखुऱ्या जोडीदारासमोरही हेच का?

तिसरी_घंटा

पायांचं हेच. हाताचं थोडं वेगळं. त्याची सुटायची आवडती वाट तुमच्या डावीकडची असेल, तिथे डावा हुक कायम तयार ठेवा. आणि पुढचा पाय त्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर ठेवा. तो आत अडकला तर तुमचा उजवा पोचणार नाही आणि त्याचा डावा सरळ तोंडावर येईल.